लळा तर लागणारच, ताई

पत्र

नमस्कार. मी ६१ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. पार्ले पूर्वेला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी आणि आमचे हे, दोघंच राहतो. वन बीएचके, लिफ्ट नाही. शेजारची मुलगी रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये आहे. त्यांच्याकडे दोनेक वर्षांची एक काळी कुत्री आहे. रिक्षाच्या धक्क्याने तिचा मागचा पाय मोडला होता, ऑपरेशन होऊन आता बरी आहे. नसबंदी, लसी सगळं झालंय. सध्या एका बोर्डिंगमध्ये पिंजऱ्यात असते. कुणी तिला कायमचं दत्तक घेईपर्यंत, साधारण सहा आठवडे, तुम्ही सांभाळाल का, असं ती मुलगी विचारते आहे.

मला मनापासून आवडेल. मालवणला माझ्या माहेरी कुत्री असायची, पण पडवीपर्यंतच. हे म्हणतात, "लळा लागेल आणि ती गेली की रडत बसशील." कायमची ठेवणं जमणार नाही, कारण नोव्हेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जायचंय, ते तीन-चार महिन्यांसाठी. मध्ये आमचा दीड दिवसाचा गणपती, देवघर स्वयंपाकघरातच. सोसायटीचे सेक्रेटरी आत्ताच म्हणतात, ही नवीन फॅडं इथे नकोत. पण मला खरं छळतंय ते वेगळंच. मुक्या जिवाला सहा आठवडे घर दाखवायचं आणि मग काढून द्यायचं, हा त्याच्यावर अन्याय नाही का? ग्रुपने तिचं नाव कोको ठेवलंय. हे म्हणाले, "कोको कसलं, कोकम म्हणा."

एक वाचक, विलेपार्ले

उत्तर

ताई, नमस्कार.

घेऊन या तिला. बाकीचं सगळं यानंतर.

आधी यजमानांचं. ते कुत्रीला नावं ठेवतायत असं तुम्हाला वाटत असेल. मला तर त्यांनी तिचं नाव ठेवलेलं दिसतंय. ज्या माणसाला कुत्रं घरात अजिबात नको असतं, तो नावाच्या भानगडीत पडत नाही. तरी एकदा सरळ विचारा त्यांना, शेजारच्या मुलीसमोर नव्हे, दोघंच असताना. ते मनापासून नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. घरातला एक माणूस कुढत असला की कुत्र्याला ते आपल्या आधी कळतं.

लळ्याबद्दल मात्र ते शंभर टक्के बरोबर आहेत. लळा लागणार. माझ्याकडे आजवर पाच कुत्री अशी येऊन गेली, आणि पाचही वेळा मी रडले आहे. एकदा तर ठाण्याहून परत येताना लोकलमध्ये. समोरच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

आता तुमचा अन्यायाचा प्रश्न. त्याला सरळ उत्तर देण्याऐवजी पहिल्या पाहुण्याची गोष्ट सांगते, कारण हाच प्रश्न मलाही त्याच्यामुळेच पडला होता.

बंड्या शिवडीच्या गोदामांकडचा, अंगभर खरूज, वय तीनच्या आसपास. माहीमच्या आमच्या घरात आला तेव्हा दारातच थबकला. आधी वाटलं माणसांना घाबरतोय, पण तो घाबरत होता लादीला. आयुष्यभर माती आणि डांबरावर चाललेलं कुत्रं, त्या गुळगुळीत लादीवर त्याचे पाय चार दिशांना जायचे. तीन दिवस तो दाराजवळच्या गोणपाटावरून उठलाच नाही. मग घरातली होती नव्हती ती सगळी पायपुसणी, एक जुनी सतरंजी आणि योगाची चटई अशी मी ओळीने मांडली, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. मुलगा म्हणाला, आईने पायपुसण्यांचा पूल बांधला. बंड्या त्या पुलावरून ये-जा करायचा. मधली दोन पायपुसणी सरकली की तिथेच उभा राहून आमच्याकडे बघायचा.

अकराव्या दिवशी दुपारी मी खाली बसून मेथी निवडत होते. पुलापासून चांगली चार-पाच हात लांब. मागे नखांचा आवाज आला, टक टक, मध्येच थांबून परत टक टक. मी मान वळवली नाही. बंड्या उघड्या लादीवरून, एकेक पाय उचलून ठेवत, माझ्या शेजारी आला. पसरलेल्या पेपरवर, निवडलेल्या मेथीवरच त्याने हनुवटी टेकली आणि सुस्कारा सोडला. हातातली काडी तशीच धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. त्या रात्री भाजी झाली नाही, आम्ही खिचडी खाल्ली.

त्या दिवसापासून मी किराण्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावरून त्याच्याबद्दल लिहायला लागले. झाडू दिसला की टेबलाखाली. कुकरच्या शिट्टीचं काही नाही, मिक्सरला पळतो. टोपीवाले पुरुष नको, पोस्टमन चालतो. कुणी बघत असलं तर जेवत नाही, कुणीच नसलं तरी जेवत नाही, पाठ करून शेजारी बसलं की जेवतो. दोन महिन्यांनी ठाण्याचं एक जोडपं त्याला घेऊन गेलं. दुसऱ्या रात्री दहा वाजता त्यांचा फोन, काल दुपारपासून त्याने काहीच खाल्लं नाही, आजारी आहे का? मी म्हटलं, ताटली ठेवा आणि त्याच्याकडे पाठ करून जवळ बसा, मोबाईल बघा, काहीही करा. वीस मिनिटांत व्हॉट्सॲपवर रिकाम्या ताटलीचा फोटो आला.

ती वही नसती तर त्या बिचाऱ्यांनी आठवडाभर वाट पाहून "हे कुत्रं आमच्याकडे रमत नाही" म्हणून परत केलं असतं. हे सतत होतं. पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं, त्याला सांभाळणाऱ्यालाही नाही. तिथे त्याला दोनच गोष्टी करता येतात, भुंकणं किंवा कोपऱ्यात तोंड घालून पडणं. रविवारी बघायला आलेली माणसं तेवढंच बघतात आणि शेजारच्या गुबगुबीत पिल्लाकडे वळतात. ते कुत्रं खरं कसं आहे, खट्याळ आहे, लाजाळू आहे, खादाड आहे, हे घरात आल्याशिवाय बाहेरच पडत नाही. तुमच्या कोकमबद्दल आज ग्रुपला काय माहीत आहे? रंग, वय, मोडलेला पाय. म्हणजे हॉस्पिटलच्या केसपेपरवर असतं तेवढंच. तिच्याबद्दलचं पहिलं खरं वाक्य तुम्ही लिहिणार आहात.

म्हणून अन्यायाचा हिशोब मी असा करते. घर बदललं की ती गोंधळेल, हे खरं आहे. चार-आठ दिवस दाराकडे बघत बसेल, कदाचित शिकलेलं विसरून घरात शू करेल. पण दुसरीकडे काय आहे? पिंजऱ्यातले सहा आठवडे, आणि त्यानंतरही तिला ओळखणारं कुणी नाहीच. एकदा लादीवर चालायला शिकलेलं कुत्रं ठाण्याच्या लादीवरही चालतं. माणसाच्या हातावर एकदा विश्वास बसला की दुसऱ्या हातावर बसायला कमी दिवस लागतात. रिकाम्या हाताने नाही जात ती तुमच्याकडून.

आणि सुख म्हणाल तर एकच सांगते, झोप बघा तिची. रस्त्यावरचं कुत्रं झोपतं ते अंगाचं मुटकुळं करून, एक कान जागा ठेवून. तुमच्या घरात पहिले दिवस तीही तशीच झोपेल. मग एका रात्री तुम्ही पाणी प्यायला उठाल आणि ती कुशीवर आडवी, चारही पाय ताणून, पोट उघडं टाकून पडलेली असेल, झोपेत पंजे हलवत कुठेतरी धावत. दिवा लावू नका. अंधारातच तांब्या शोधा.

आता व्यवहाराचं बोलू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती लळ्याची नाही, जिन्याची. दुसरा मजला, लिफ्ट नाही आणि नुकताच जुळलेला पाय. दिवसातून तीन-चार वेळा तरी खाली न्यावं लागणार. तिला जिने चढता-उतरता येतील का, किती दिवस टाळायचे, हे ग्रुपच्या डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. पोटाखालून जुन्या चादरीची झोळी घालून मागचं अंग थोडं उचलून धरता येतं, ते त्यांच्याकडून एकदा शिकून घ्या. पण चौदा-पंधरा किलोचं कुत्रं कडेवर घेऊन तुम्ही जिने उतरायचे नाहीत. यजमानांनीही नाही. डॉक्टर नको म्हणाले तर खुशाल ग्रुपला सांगा की आम्हाला दुसरं कुणी द्या. त्यात कमीपणा नाही, आणि तळमजल्यावरचं घर तिच्यासाठी त्यांना शोधता येईल.

ग्रुपशी बोलून घ्यायच्या आणखी काही गोष्टी आहेत, आणि त्या मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. औषधपाण्याचा खर्च कुणाचा, रात्री-बेरात्री काही झालं तर फोन कुणाला, आणि सहा आठवड्यांत घर मिळालं नाही तर पुढे काय. काळ्या, मोठ्या झालेल्या, देशी मादीला घर मिळायला वेळ लागतो. लोकांना पिल्लू हवं असतं, तेही गोरं. (हे लग्नाच्या जाहिरातींसारखंच आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) सहाचे दहा आठवडे होऊ शकतात असं धरून चाला आणि पुण्याला जायची तारीख त्यांना आजच सांगून ठेवा. तुम्ही कायमची ठेवू शकत नाही याची बोच लावून घेऊ नका. आपली देशी कुत्री बारा-चौदा वर्षं सहज जगतात. वयाच्या साठीत, मुलगी परगावी असताना एवढा शब्द देणं सगळ्यांना जमत नाही. ज्यांना तो देता येत नाही पण सहा आठवडे देता येतात, अशाच घरांची या कामात जास्त गरज असते.

पहिले तीन दिवस तिला एकटं सोडा, म्हणजे घरात एकटं नव्हे, तिच्या कोपऱ्यात. पाहुणे नको, आंघोळ नको, मिठ्या नकोत. या कामातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घरातल्या वेळा कळलेलं, तीन महिन्यांत रुळलेलं. कोकम थोडी मागे-पुढे होईल, पण तिसऱ्या दिवशी शेपूट हलली नाही म्हणून खट्टू होऊ नका. लादीसाठी पायपुसणी जमवा, तिच्या पायाला तर ती हवीतच.

बाहेर नेताना नुसता गळ्यातला पट्टा नको, अंगात घालायचा हार्नेसही हवा, आणि दोरी दोन्हींना बांधलेली. हे मी अनुभवाने सांगते. माझी दुसरी पाहुणी गेटपाशी कुठूनतरी फटाका वाजल्यावर मागे सरकली आणि पट्ट्यातून डोकं काढून पळाली. चूक पूर्ण माझी, पट्टा सैल होता. चार तास आम्ही तिला शोधत होतो, आणि ती दोन गल्ल्या पलीकडे उभ्या टेम्पोखाली बसलेली होती. ते चार तास मला अजून स्वप्नात दिसतात. बाल्कनीच्या ग्रिलमधून तिचं डोकं जात नाही ना, तेही बघून ठेवा.

पावसाळा आहे, तेव्हा फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या आत रोज बघायचं. गोचीड दिसली की ग्रुपला कळवा, गोचीड-ताप इथे पावसात नेहमीचा. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. लेप्टो कुत्र्यांनाही होतो, आणि त्यांच्यापासून आपल्यालाही. लसी झाल्या म्हणतात, तर कुठल्या आणि कधी, ते कार्ड मागून घ्या. रेबीजची तारीख स्वतः वाचा.

खाण्याचं सोपं आहे, फक्त आपल्या फोडणीपासून लांब. कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतात, त्यामुळे आमटी-भात कितीही प्रेमाने कालवला तरी नाही. बिनमिठाचा भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडं दही, लाल भोपळा, एवढं पुरे. दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही. आणि गणपतीत पंचखाद्याकडे लक्ष ठेवा. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. आरतीला आलेला कुणीतरी "घे गं प्रसाद" म्हणून हमखास पुढे करतो. तिला काही दुखलंखुपलं तर आपल्या डब्यातली क्रोसिन तर मुळीच नको.

गणपतीचा दीड दिवस तिला बेडरूममध्ये ठेवा. दार लोटलेलं, पंखा आणि टीव्ही चालू, म्हणजे ढोल थोडे दबतात. विसर्जनाला घरातलं एक माणूस मागे राहील. यजमानांना विचारून बघा. माझा अंदाज आहे की गुडघे दुखतात म्हणून ते स्वतःच थांबतील.

देवघराचं म्हणाल तर स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं अर्ध्या उंचीचं फाटक लावा. दोन-तीन दिवसांत ती उंबऱ्यापाशी थांबायला शिकते. तुमचं सोवळं तुमच्यापाशी, त्यावर मी कोण बोलणार. एवढंच म्हणेन की आपल्याच घरांतल्या दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्री पायांशी बसलेली असतात, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव काठी घेऊन नाही, तुपाची वाटी घेऊन धावले होते.

सेक्रेटरींचं "नवीन फॅड" वाचून मात्र मला हसू आलं. १८३२ च्या जूनमध्ये रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध याच मुंबईत दंगल झाली होती. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि बाजार बंद पडला. परळचं बाई साकरबाई पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल १८८३ चं आहे, तुमच्या बिल्डिंगच्या आणि बहुधा सेक्रेटरींच्या आजोबांच्याही आधीचं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण हा कागद पर्समध्येच असू द्या, बाहेर काढू नका. आधी त्यांच्याकडे स्वतः जा, रेबीजच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या, सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे म्हणा. महापालिकेच्या परवान्याचं कुणाच्या नावावर कसं करायचं ते ग्रुप सांगेल. खाली नेताना हातात जुना पेपर आणि पिशवी दिसेल अशी धरा, आणि घाण लोकांदेखत उचला. तेवढ्याने अर्धी तक्रार संपते. उरलेली अर्धी कोकमच संपवेल.

राहिलं ते जाण्याच्या दिवसाचं. तिला कोण घेणार हे ठरवताना तुमचंही ऐका, असं ग्रुपला आधीच सांगा. बघायला येणाऱ्यांना चहा करा आणि नुसतं बसून बघा. थेट कुत्रीच्या डोक्यावर हात टाकणारे आणि खाली बसून तिची वाट बघणारे, यांतला फरक तुम्हाला तोवर कळायला लागलेला असेल. दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेले तर तिला कुठे ठेवतील, हे विचारायला लाजू नका. मुलीच्या सोयरिकीत आपण याहून अवघड प्रश्न विचारतो.

एक काम आजच करा. तुमची एखादी जुनी, मऊ झालेली सुती साडी काढा आणि तिच्या अंथरुणावर घाला. वहीबरोबर ती साडीही नव्या घरी जाऊ दे, म्हणजे पहिल्या रात्री तिला ओळखीचा वास असेल. शेवटच्या आठवड्यात ती साडी कळकट होईल, तिला केस चिकटतील, तुमचा हात शिवशिवेल. पण धुऊ नका.